उजवा कौल

जानेवारी १९८७

प्रिय गुरुदास,

पाकीट महाग म्हणून आंतरदेशीय घेतले आहे, तेव्हा अक्षर बारीक काढते. आम्ही दोघे बरे आहोत. तुझा धाकटा भाऊ सत्यवान तळ्यावर होड्यांच्या तिकिटांच्या टेबलाशी रोज वेळेवर जातो.

तळ्याचे तू विचारले होतेस. डोंगरातले आपले तळे, सकाळी त्यात देवळाचा कळस दिसायचा, ते आता बघवत नाही. घाट चढून आलेल्या गाडीतली माणसे उतरतात ती ओकतच, आणि चूळ भरतात देवीच्या पायरीवर. परवा अभिषेकाची कळशी बुडवली तर कोंबडीची आतडी वर आली. घरी येऊन कळशी राखेने तीनदा घासली. एका बाईने तिथेच मुलाचे ढुंगण धुतले आणि वर मलाच विचारते, "मावशी, इथं चहा चांगला कुठं मिळतो?"

शेजारच्या राधाबाईकडे मी हे बोलले, तर ती म्हणाली, "गो, तुझो झील तिकिटार बसता, मगे तुका घाण कशाक येता?" माझाच मुलगा तिथे तिकिटे फाडतो. खोटे काय बोलली ती?

तुझे बाबा गेल्यापासून जमीन तुझ्या नावावर. तळ्याकाठचा तुकडा होडीवाल्या शेठला द्यायला तू तयार नव्हतास. देवीने उजवा कौल दिला तरच सही करीन, असे चारचौघांत म्हणालास. शेठने मला सांगून ठेवले होते, जमीन मिळाली तर सत्यवानाला कामावर घेतो. मॅट्रिकला दोनदा आपटलेला तो, गोव्याला जाऊन बोटीवर चढतो म्हणत होता. तू मुंबईला, तो दर्यावर, मग या घरात दिवा कोणासाठी लावायचा, हेच डोक्यात फिरत असे.

गेल्या वैशाखात तू आलास. बाबली गुरवाने देवीला फुलाच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. "देवीन उजवो दिल्यान," असे बाबली म्हणाला आणि तू डोळे पुसून सही केलीस.

आता पुढच्या आठवड्यात शेठ तुझ्याकडे यायचे आहेत. देवळाच्या पायरीपर्यंतची राई त्यांना हवी आहे, खानावळीला आणि दारूच्या खोलीला. म्हणतात, कौल एकदा झालाय, देवीला पुन्हा कशाला त्रास?

गुरुदास, कौलाच्या पाकळ्या जमीनवाल्याच्या घरून जातात, केळीच्या पानावर डावी-उजवी वेगळी मांडून. त्या मी मांडल्या होत्या. डावीच्या पाठीला फणसाचा चीक लावला होता. ती पडणारच नव्हती. तू सही केलीस तो कौल देवीचा नव्हे, माझा होता. त्या ओकणाऱ्या माणसांची मला किळस येते खरी, पण त्यांना आपली देवी ठाऊक नाही. मला ठाऊक होती. येत्या पौर्णिमेला गावकऱ्यांसमोर, तिच्यापुढे उभी राहून हे सांगणार आहे. सत्यवानाला आज दुपारी सांगितले. तो ताटावरून उठून गेला, अजून परतला नाही. तुलाही राग येईल. आला तर पत्र पाठवू नको, पण त्या कागदावर सही करू नको.

तुझीच,
आई