लाल शाईतला करारनामा

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? मी ठणठणीत आहे, फक्त कालपर्यंत संतापलेली होते. पण संताप मला मानवतो.

कोपऱ्यावरचं कपडे धुलाईचं दुकान तुला आठवत असेल. त्याची मालकीण मुलीकडे कायमची राहायला जातेय आणि दुकान मला विकतेय. दुकान म्हणजे एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी : पाटी कंपनीची, यंत्रं कंपनीची, घाम आपला. मला ते हवंच आहे. निवृत्तीला तीन वर्षं झाली, आणखी किती दिवस कुंड्यांना शिस्त लावायची? म्हणून मालकिणीने बासष्ट पानांचा करार वाचायला दिला, तेव्हा एका बैठकीत वाचला. (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अर्धवट वाचलेलं पुस्तक मिटू देत नसत.) आता चौतीस वर्षं वह्या तपासलेला हात स्वस्थ कसा बसेल? पान वाचून झालं की खाली लाल शाईने सही, अशा बासष्ट सह्या झाल्या. मालकीण हरखली आणि ते बाड तडक कंपनीला पाठवून मोकळी झाली.

मग मी वकील गाठली. माझीच विद्यार्थिनी. बडबडीपायी हिला वर्षभर पहिल्या बाकावर बसवलं होतं. (आता त्याच बडबडीची फी घेते.) तिने विचारलं, दुकान विकायला कंपनीची लेखी परवानगी आहे का, आणि जागेचा भाडेकरार किती दिवसांचा? चौकशी केली, तर परवानगीचा पत्ता नाही. भाडेकरार सहा महिन्यांत संपणार, कंपनीचा करार मात्र सात वर्षांचा. म्हणजे उरलेली साडेसहा वर्षं मी पाटी डोक्यावर घेऊन फिरायचं.

"बाई," ती म्हणाली, "न वाचता सही करू नका असं मी रोज सांगते. वाचताना करू नका, हे आज पहिल्यांदा सांगतेय."

माझी मान खाली गेली. (तू पाहायला हवं होतंस, पुन्हा दिसायची नाही.) तेवढ्यात तिने मालकिणीकडची झेरॉक्स चाळली आणि थांबली. पान एकोणीसवर माझा शेरा होता, 'एकतर्फी. पुन्हा लिहा.' पान चाळीसवर, 'जागेचं काय? उत्तर अपूर्ण.' पोरगी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कायद्याने म्हणे अटी घालून दिलेला होकार हा होकारच नव्हे, तो उलट नवा प्रस्ताव. तसं तिने कंपनीला कळवलं आणि काल उत्तर आलं. पान एकोणीस कंपनी नव्याने लिहिणार, परवानगी देणार, आणि जागामालकाने सात वर्षांचा भाडेकरार केल्याशिवाय करार लागू होणार नाही. जागामालक तयार आहे. पहिल्या तारखेपासून दुकान माझं.

तुझी,
ताई

ता. क. : कंपनीला साठीच्या आतला एक सहचालक लागतो. तू अठ्ठावन्नचा आहेस, तुझं नाव देऊन टाकलंय. वकीलबाई म्हणतात, संमतीशिवाय दिलेलं नाव टिकत नाही. म्हणून हे पत्र. होकार शुक्रवारच्या आत हवा.

आणखी एक ता. क. : कामाला माणसं मिळतील रे. पण दुपारी दुकानात कोणी नसतं, आणि भांडायला घरचं माणूस नसलं की माझा वेळ जात नाही.