रंगूचे एक्क्याण्णव

रविवार, ९ मे १९७६

झाली एकदाची परीक्षा! आटपाडीहून पहिल्या एस.टी.नं सांगलीला आलो — मी, बिराप्पा मेंढके आणि परीक्षेला बसणारी त्याची पोरगी रंगू. इथल्या एका खासगी शाळेत दुष्काळी भागातल्या एका मुलीला पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत सगळं फुकट. राहणं, जेवण, पुस्तकं. जागा एकच. आमच्या वाडीची शाळा चौथीपर्यंत. ही जागा हुकली तर रंगू जन्मभर बापाच्या मेंढरांमागं. चार वर्षं वर्गात मी तिला घासलीय. तिच्यासारखं डोकं माझ्या नोकरीत दुसरं पाहिलं नाही.

आटपाडीचा दुकानदार नानासोही मुलीला घेऊन आला होता. हातात तुपाचा डबा. डब्यासकट ऑफिसात शिरला, बाहेर आला तो मोकळ्या हातांनी. परीक्षेच्या दिवशी तुपाचं काय काम? लिहून ठेवतो.

बुधवार, १२ मे

मुलाखतीचं कार्ड आलं. सतरा तारखेला, पालकासह. पण गुण लिहिलेले नाहीत! का नाहीत? घरात ही म्हणाली, "कार्डावर जागा नसेल." चांगली तीन बोटं जागा कोरी आहे.

सोमवार, १७ मे

एक्क्याण्णव!! शंभरापैकी एक्क्याण्णव! फळ्यावर गुण लावलेत, रंगू पहिली. नानासोची मुलगी दुसरी, अडुसष्ट. मी दोनदा वाचलं, मग बिराप्पाला वाचून दाखवलं. तो नुसता फळ्याकडं बघत राहिला. मग पटक्याच्या सोग्यानं तोंड पुसलं.

मुलाखतीला मात्र मला आत सोडलं नाही. "गुरुजी, तुम्ही बाहेर बसा, फक्त पालक." — लालासाहेब, तिथला कारकून. नानासो आत गेला आणि पाच मिनिटांत हसत बाहेर. बिराप्पाला चांगला अर्धा तास ठेवला. त्या अंगठेबहाद्दराला अर्धा तास काय विचारत होते?

"कायबाय इचारलं. बाई लय चांगल्या हाईत, गुरुजी. सोत्ता उठून पानी दिलं मला."

मुख्याध्यापक बाई, आणि मेंढक्याला स्वतः उठून पाणी? एवढा गोडवा कशाला? ज्याला काढायचं ठरलंय त्यालाच पाणी पाजतात.

मंगळवार, १८ मे

एक्क्याण्णव म्हणजे एक्क्याण्णव. वर मुलाखत कशाला लागते?

गुरुवार, २७ मे

पत्र आलं. "निवड होऊ शकली नाही, खेद आहे." बस्स. कारण एका शब्दानं नाही. आटपाडीला गेलो तर नानासो पेढे वाटतोय! मलाही दिला. हातात धरून स्टँडपर्यंत आलो आणि कुत्र्याला घातला.

संध्याकाळी रंगू आली. सगळ्या गणितांची वही घेऊन. म्हणाली, "गुरुजी, माजं कंचं चुकलं?"

काही चुकलं नाही गं पोरी. काही म्हणजे काहीच नाही.

शनिवार, २९ मे

सांगली. बाई पुण्याला गेलेल्या. बरोबर आजच कशा गेल्या? लालासाहेबाला सरळ विचारलं, "अडुसष्ट मोठे का एक्क्याण्णव?" त्यानं कपाटातून रंगूची फाइल काढली, उघडली, एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत मिटली.

"बाई पाच तारखेला येतील. पण गुरुजी, तुमच्याच भल्याचं सांगतो, जास्त खोलात जाऊ नका."

धमकी! मला धमकी देतो हा! पंचवीस वर्षं खडू झिजवलेत, असले कारकून ढिगानं पाहिलेत. आता तर खोलात जाणारच.

रविवार, ३० मे

काल परतीच्या वाटेत एक भलतंच डोक्यात आलं. बिराप्पाच आत नको म्हणाला असला तर? रंगू गेली तर कोकरं कोण सांभाळणार? सकाळीच त्याच्या वस्तीवर गेलो. तोंडावर विचारलं, "खरं सांग. पोरगी मेंढरांमागं पाहिजे म्हणून तूच घाण केलीस ना?"

तो उभाच राहिला. त्याची बायको दगडाबाई चहाची पितळी घेऊन येत होती, ती तिथंच थांबली.

"आवं गुरुजी, पोरीच्या कापडासाठी दोन बकरी इकली की म्या. तुमच्या सबुदाभायेर कवा गेलोय व्हय मी?"

"मग आत काय बोललास?"

"जे खरं ते बोललो. दुसरं काय बोलनार?"

चहा न घेता उठलो. जरा जास्तच बोललो. पण कुणाचा भरवसा धरायचा आता?

गुरुवार, ३ जून

तक्रार अर्ज तयार. शिक्षणाधिकाऱ्यांना, चार पानं. तुपाचा डबा, पाच मिनिटांची मुलाखत, पेढे, लालासाहेबाची धमकी — सगळं तारीखवार. आधी बाईंच्या टेबलावर आपटणार, मगच पोस्टात टाकणार.

ही घाबरली. "दिवस आणीबाणीचे, नोकरी झेडपीची. कशाला वाकड्यात शिरता? तुम्हाला तर घरच्या मांजराचासुद्धा संशय येतो."

येतोच! मग दूध कोण पितं?

शनिवार, ५ जून

बाईंनी चारही पानं शांतपणे वाचली आणि फाइल माझ्यापुढं सरकवली. वर रंगूचा शाळेचा दाखला. अक्षर माझं. जन्मतारीख १ जून १९६६. शाळेचा नियम — एक जूनला दहा वर्षं पुरी झालेली नकोत. प्रवेशाच्या माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला छापलाय. मी ती बाजू वाचलीच नव्हती.

रंगू एका दिवसानं बाद. आणि ती तारीखच खोटी. बहात्तरच्या दुष्काळात शाळेत सुकडी मिळायची, पण पटावर नाव असेल त्यालाच. रंगू पाचाची होती, भुकेनं रडायची. मीच तिला सहाची करून नाव घातलं. साफ विसरून गेलो होतो.

बाई म्हणाल्या, "मुलगी लहान दिसते म्हणून वडिलांना मी तीनदा विचारलं, तारीख चुकली असेल तर सांगा, दुरुस्त होईपर्यंत जागा राखून ठेवते. तिन्ही वेळा त्यांचं एकच —

'माज्या गुरुजींनी लिवलंय न्हवं? मग ते खरंच हाय.'"