पलंगाखालची पुरचुंडी

सोमवार, २ तारीख

आलो बाई एकदाचे! नवं गाव, नवं घर, आणि केबिनच्या दारावर माझ्या नावाखाली 'वरिष्ठ रसायनतज्ज्ञ'. नवऱ्याने पाटीचा फोटो सासूबाईंना पाठवलासुद्धा. प्रयोगशाळा झकास आहे. इथे मी असा कार्बन बनवणार की चिमूटभर भुकटीत अख्ख्या मैदानाएवढा पृष्ठभाग असेल. वास, विषारी वायू, जे येईल ते त्याच्या छिद्रांत अडकून बसेल. घराचं मात्र काही सांगू नये. ठमीच्या खोलीत इतका कुबट वास, की आमच्या सहा वर्षांच्या बाईसाहेबांनी नाकाला कपड्यांचा चिमटा लावून गृहपाठ केला.

सोमवार, ९

भट्टीतून पहिला घाणा निघाला. आमच्या धंद्यातले सगळेच घरच्या कपाटात वास शोषायला कोळशाची पुरचुंडी ठेवतात. मीही चमचाभर नमुना फडक्यात बांधून ठमीच्या पलंगाखाली सरकवला. चाचण्या व्हायच्यात अजून. पण कोळसाच तो, खातोय काय कुणाला!

बुधवार, ११

कुबट वास पार गायब. नवरा म्हणाला, बायको शिकलेली असल्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. मेला! पण साबणालाही वास येत नाही. कांदा करपला तरी कळलं नाही. ठमीचे केस हुंगून पाहिले. काहीच नाही. तेव्हापासून चैन पडत नाहीये, उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरतेय.

गुरुवार, १२

चाचणीचा निकाल आला. कुठलाही कार्बन भरला की थांबतो. हा थांबतच नाही, वजन वाढतंच आहे. धावत घरी आले. चमचाभराची पुरचुंडी, दोन्ही हातांनी उचलावी लागली! डब्यात घातली, झाकण गच्च लावलं, प्रयोगशाळेत नेऊन ठेवली.

परत आले तर ठमी दारात उभी. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

शनिवार, १४

डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. येताना तिला कडेवर घेतलं—

वजनच नाही. माझ्या लेकीला वजनच नाही.

रविवार, १५

पलंग रिकामा. घर पालथं घातलं. नवऱ्यावर ओरडले, ठमी कुठाय? त्याने विचारलं, कोण ठमी?

मेल्या, चेष्टा—

चेष्टा नव्हती.

सोमवार, १६

एकच उपाय. भरलेला कार्बन तापवला की गिळलेलं सगळं ओकतो. रोजचंच काम आहे आमचं. भट्टीतली हवा काढायची, दार घट्ट लावायचं. आत हवा शिरली तर कार्बन पेटतो, राख होते.

पुरचुंडी आत ठेवली. सवयीने लिहितेय.

भट्टीतून बाहेर येणाऱ्या नळीतून कुबट वास आला. मग साबण. मग तिचे केस— देवा, तिचे केस!

हाक आली. आई.

आहे गं, इथेच आहे मी—

भाजतंय म्हणतेय. रडतेय. दार उघड म्हणतेय.

उघडलं तर हवा शिरेल— राख—

भट्टी बंद केली तर थंड होताना तो पुन्हा तिला—

आतून दार वाजवतेय. इवल्याशा मुठी—

थांब राणी, आई आ