नोटीस, शब्दक्रम आणि बादल्या

२ मार्च, रविवार
कृष्णाकाठ सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने ठरवलं, यापुढे सगळ्या नोटिसा इंग्रजीत. प्रत्येक शब्द आपल्या जागी. व्हॉट्सॲपवरच्या खरडीला मी नोटीस मानत नाही. सोळा तारखेला निवडणूक. असं इंग्रजी अख्ख्या सांगलीत दिसणार नाही. पुन्हा मीच निवडून येणार.

५ मार्च
‘काइंडली’ आधी की ‘रेसिडेंट्स’ आधी, यात सकाळ गेली. शेवटी नोटीस लावली: जिन्यात सायकली ठेवू नयेत. लोक कागद बघून लगबगीने घरी पळाले. धाक बसला.

संध्याकाळी. सायकली जिथल्या तिथे. टाकी कोरडी. दुसऱ्या मजल्यावरचा धनाजी म्हणाला, ‘आवं साहेब, बोर्डावर कागद दिसला की आमी पानी भरतो. पानी बंद असल्याबिगर इथं कवा कागद लागलाय?’ कुंडल गावचा माणूस. त्याला काय सांगणार.

८ मार्च
खुलाशाची नोटीस. पाणी नियमित येईल, साठवू नये. ‘रेग्युलरली’ कुठे घालायचं यावर दोन कप चहा झाला. नोटीस निर्दोष. दुपारपर्यंत टाकी पुन्हा कोरडी. विनोदिनीनेही पिंप भरलं. आधी वाच म्हटलं, तर म्हणते, वाचत बसले तर पाणी संपेल. बायकोच अशी, तर मतदारांना काय बोलायचं?

१५ मार्च
धनाजी दारोदार सांगत फिरतोय: उद्या कागद लागंल, पानी भरू नका, धाला मीटिंगला या. आमच्याकडेही आला. तोंडी निरोप मी स्वीकारत नाही, असं सांगून दार लावलं. निवडणुकीची नोटीस तयार आहे. वेळ आधी, मग वार, मग तारीख. उद्या सकाळी लावायला विनोदिनीकडे दिली. शर्टाला इस्त्री केली.

१६ मार्च, रविवार
सकाळी साडेनऊला दूध घेऊन येताना फाटकातूनच बोर्डावर कागद दिसला. तसाच वर धावलो. पिंप, हंडे, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरला. घरी विनोदिनी नव्हती, नाहीतर मदत झाली असती.

खाली आलो तर खुर्च्या आवरत होते. धनाजी बिनविरोध. विनोदिनीनेही हात वर केला होता. कागद जवळून पाहिला. माझाच. शब्दांचा क्रम अचूक.

वाईट वाटलं. घरात पाणी मात्र भरपूर आहे.