राहीचा उपास

विश्रामबाग, सांगली
१२ फेब्रुवारी १९७४

प्रिय नाथा,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या दाजींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि "राहीसारखी देवभोळी बायको मिळायला नशीब लागतं" ही ओळ आली तशी मी उठून स्वयंपाकघरात गेले. पलटणीत गेल्यापासून तू लिहायला छान शिकलास रे बाबा, पण बायकोकडं धड बघायला काही तुला कुणी शिकवलं नाही. हे पत्र एकटा असताना वाच.

माझा हात मोडला आणि हाताखाली म्हणून आईनं राहीला इकडं धाडलं, हे तुला ठाऊक आहे. ती आली तो दिवस मंगळवारचा. जेवायला बस म्हटलं तर यमाईचा उपास आहे म्हणाली. बरं म्हटलं. बुधवारीही उपास. गुरुवारी मी विचारलं, बाई गं, हा आता कुठल्या देवीचा? तर नुसती हसली आणि कपभर चहा पिऊन भांडी घासायला बसली. अरे, तू लढाईवर होतास तेव्हा तिनं मंगळवार धरले होते, ते खरं. पण तू सुखरूप आल्यावर आपण सगळे औंधाला यमाईच्या देवळात गेलो, तूच नारळ फोडलास, नवस फिटला. मग फिटलेल्या नवसाचा उपास अजून चालतो कसा, हे घरात एकालाही विचारावंसं वाटू नये? उलट आई गावभर सांगत सुटली की सुनेच्या अंगात सत्त्व आलंय. बायका येऊन तिला हळदीकुंकू लावायला लागल्या. पोरगी वाळून खारीक झाली, आणि ह्या म्हणतात चेहऱ्यावर तेज आलंय!

मग एका दुपारी मी तिला मोरीत धरलं. चहात भाकरी कुस्करून ती उभ्यानंच गिळायला बघत होती. घास काही उतरेना. छाती दाबून धरली, डोळ्यांत पाणी आलं आणि सगळं बाहेर पडलं. मी पाठीवरून हात फिरवला, तेव्हा कुठं तोंड उघडलं तिनं. "आवं आक्का, उपास कसला. घास छातीत अडकतूय. आजारी सुनंला म्हायेरी धाडत्यात, आन उपासवाल्या सुनंच्या पाया पडत्यात. मग मी काय सांगू?"

नाथा, रागानं कान तापले, आणि राग काढायचा कुणावर ते कळेना.

आमच्या शेजारच्या वकिलीणबाईंना असंच छातीत जळायचं. इथल्या डॉक्टरांनी त्यांना पांढरं गोड औषध दिलं, थंड दूध घ्या म्हटलं, थोडं थोडं चार वेळा खा, जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घाला. बाई महिन्याभरात ठणठणीत. म्हणून राहीला मी त्याच डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी विचारलं, वेळेवर जेवता का? ही म्हणाली, व्हय की, समद्यांचं झाल्यावर. त्यांनी तीच सगळी पथ्यं हिलाही सांगितली. मला हसावं का रडावं कळेना. गावाकडं दूध डेरीला जातं, घरात उरतो तो कोरा चहा. चार वेळा खायचं तर आधी एक वेळ पोटभर मिळायला हवं. आणि विटा घालायला खाट कुठाय तिला? तुझी खाट आहे, पण तू नसलास की तिच्यावर आई निजते. मी डॉक्टरांना म्हटलं, हे पथ्य कागदावर लिहाच, पण वर माझ्या आईचं नाव घाला. ते हसले. मी हसत नव्हते.

दुष्काळात ती खडी फोडायला जायची, ते तू ऐकलंयस. पोटात आग पडली की तिथल्या बायका मिश्री लावायच्या, म्हणजे भूक मरते. राहीला तिथंच लागली ती. वरून जळजळ थांबवायला चमचाभर खायचा सोडा. रात्री सगळ्यांच्या मागनं उरलंसुरलं गिळायचं आणि तिथंच चुलीपुढं अंग टाकायचं, कारण पहाटे परत कामावर. डॉक्टर म्हणाले, पोटातलं आंबट पाणी रोज वर येऊन येऊन गळ्याखालची नळी आतून भाजत गेलीय. गावात हिला कुणी पित्त म्हटलं, कुणी दृष्ट लागली म्हटलं, आणि आपल्या घरानं उपास म्हटलं. तूही त्यातलाच. सुट्टीवर आलास की मित्रांची पंगत बसवतोस, मटणाचं ताट चाटूनपुसून उठतोस. तिच्या ताटात काय उरतं, कधी वाकून बघितलंस?

गेल्या आठवड्यात दाजींनी कुपवाडच्या कारखान्यात रजा टाकली आणि आम्ही तिला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नळी पार आवळत आलीय. ती नुसती आवळलीय की आत दुसरं काही धरलंय, हे दुर्बीण घातल्याशिवाय सांगता येत नाही म्हणतात. उशीर केला तर पाणीसुद्धा उतरणार नाही. आईला निरोप धाडला, तर तिचं उत्तर आलं की देवीचा उपास मोडून नळ्याबिळ्या घालायच्या नाहीत, माझ्या लेकाच्या शब्दाशिवाय सुनेला कुणी हात लावायचा नाही. आणि राही सासूच्या शब्दाबाहेर जात नाही. मी पाया पडून सांगितलं, दाजींनी रागावून सांगितलं, भिंतीशी बोलल्यागत. तेव्हा तू आईला आजच्या आज लिही की नवस माझ्यासाठी होता, तो कधीच फिटलाय. आणि साहेबांच्या पाया पड, काही कर, पण रजा काढून तू स्वतः ये.

मी लिहितेय हे राहीला माहीत आहे. इथंच भिंतीला टेकून बसलीय. तिनं मला बजावलंय, "उपास सुटला येवढंच कळवा. दुखतंय म्हणून लिवू नगा, त्यास्नी तिकडं घोर लागंल." तर ऐक, नाथा. उपास सुटलेला नाही. काल दुपारपासून तिच्या पोटात दोन घोट पेज गेलीय, आणि तिला फार दुखतंय.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
आक्का