तिसरं रीडिंग खरं

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. सव्वीस वर्षं सिझेरियनच्या बायकांना भूल देतोय, हा अनुभव माझ्याबरोबर वाया जायला नको.
मुद्दा पहिला. पाठीत इंजेक्शन दिलं की बीपी खाली येतं. येणारच. घाबरायचं नाही. पहिलं रीडिंग पडलेलं दिसतं ते मशीनच्या घाईमुळे. दुसरं घ्यावं. तिसरं घ्यावं. तिसरं खरं, तेच चार्टवर लिहावं. माझे चार्ट रुळासारखे सरळ असतात.
मुद्दा दुसरा सुचला की लिहीन.

५ मार्च, बुधवार. दुपारी
दोन सिझेरियन. दोघींना उलट्या. पहिलीने सकाळी काहीतरी खाल्लं असणार, नाही म्हणाली तरी. दुसरी मुळातच नाजूक. तिचं बीपी पहिलं ७८, दुसरं ८४, मग मी औषध दिलं, तिसरं ११०. ११० लिहिलं.
विभागात नव्या मॅडम आल्यात, चार महिने झाले. त्या इंजेक्शन देतानाच बीपी चढवायच्या औषधाचा पंप सुरू करतात. बीपी पडायच्या आधीच! ठेच लागायच्या आधी मलमपट्टी. समजावून सांगितलं. हो सर म्हणाल्या. पंप बंद केला नाही.

६ मार्च, गुरुवार
मुलीचा फोन. बाळ अजून पायाळूच. सिझेरियन ठरलं, १८ तारखेला, आमच्याच थिएटरात. भूल अर्थात मीच देणार, काळजी करू नकोस म्हटलं. बघू, म्हणाली. म्हणजे तारीख बघू असणार.
बायकोचं म्हणणं, डॉक्टरने घरच्या माणसावर इलाज करू नये. मग काय परक्याच्या हाती द्यायची पोर?
संकल्प: तोवर रोज सकाळी चालायला जाणे. हात स्थिर राहतो.

८ मार्च, शनिवार
चाललो नाही. बूट चावतात.
विभागप्रमुखांनी (माझ्याहून सहा वर्षांनी लहान) बोलावलं. नव्या मॅडमनी सगळ्यांचे तीन महिन्यांचे चार्ट तपासलेत म्हणे. माझ्या एकाही पेशंटचं बीपी शंभराच्या खाली गेलेलं नाही. मी म्हटलं, त्यात अभिनंदन कसलं, सवय आहे. ते म्हणाले, अभिनंदन करत नाहीये. सिस्टरांच्या वहीप्रमाणे उलटीचे ट्रे सगळ्यात जास्त तुमच्याच टेबलाला लागलेत, ते कसं? मी म्हटलं, हल्ली ट्रे लहान येतात, एकीला दोन-दोन लागतात. त्यांनी फाईल मिटली. पटलं असावं.

११ मार्च, मंगळवार
थिएटरच्या सिस्टरांना विचारलं, ही वही कशाला ठेवता. ट्रे संपतात म्हणून, म्हणाल्या. इतकी वर्षं शेजारी उभ्या राहून हे! याला म्हणतात अस्तनीतला निखारा.
आजची केस. पहिलं रीडिंग ७२. दुसऱ्याची वाट बघत होतो. पेशंट म्हणाली, डॉक्टर, मी मरतेय का हो? छे, म्हटलं. दुसरं ६८. मग धावाधाव. बाळ जरा उशिरा रडलं. रडलं पण. बीपी मोजायचा दंडावरचा कफ सैल होता, बदलून मिळावा म्हणून अर्ज दिला.
दिवसभर तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी येऊन उगाच दोघांवर डाफरलो. एक बायको, एक इस्त्रीवाला.

१४ मार्च, शुक्रवार
मुलगी आली राहायला. जेवताना १८ तारखेचा माझा सगळा बेत सांगितला. ती ताटात बघत म्हणाली, बाबा, मी त्या नव्या मॅडमना विचारलंय. काय विचारलंस, म्हटलं. तर म्हणे, भूल द्याल का म्हणून. तुम्ही फक्त बाबा म्हणून या.
बायकोने न मागता पाणी वाढलं. म्हणजे हिला आधीच माहीत होतं.
सव्वीस वर्षं! पिकतं तिथे विकत नाही. राग आलाय. रागापेक्षा वाईट वाटलंय. जेवण पूर्ण केलं, पण काय जेवलो ते आठवत नाही.

१७ मार्च, सोमवार
ठीक आहे. मोठेपणा आपल्याकडे. उद्या मुलीच्या उशाशी उभा राहीन, अवाक्षर काढणार नाही. मॅडम घाई करणारच. त्यांना नुसत्या नजरेने सांगायचं, की धीर धरा.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ११.२०
नात झाली. तीन किलो. लगेच रडली.
आता खरं काय झालं ते. पाठीत इंजेक्शन झालं, मॅडमनी तिला आडवं केलं, जरा डाव्या कुशीकडे कललेलं ठेवलं, कफ फुगला. पहिलं रीडिंग १०४. आणि मी ओरडलो. औषध द्या, वाट कसली बघताय!
मॅडम म्हणाल्या, सर, औषध मगाशीच सुरू केलंय, १०४ चांगलं आहे. सिस्टर हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. मी स्टूल ओढून बसलो. दुसरं ११२. तिसरं ११४.
मुलीला ना मळमळ, ना घाम. बाळ बाहेर येईपर्यंत ती नावं काय ठेवायची याबद्दल बोलत होती.
टाके घालत असताना तिने माझा हात धरला. म्हणाली, उगाच घाबरले होते, बाबा. सगळ्यांनाच इतकं सोपं जातं का हो?
हो, म्हणालो.