सावकाश मोजलेला रक्तदाब

जालना, मंगळवार

सौ. उषेस अनेक शुभाशीर्वाद.

शस्त्रक्रिया शुक्रवारी आहे. तू येऊ नयेस, असे मी कळवले होते. गाय व्याली काय?

आज सकाळी शेजारच्या खाटेवरील गृहस्थ वारले. परिचारिका तृप्तीने लगेच तेथील चादर बदलली आणि ती माझा रक्तदाब मोजण्यास आली. पट्टा तिने दोनदा उलटाच धरला.

“बस जरा,” मी म्हणालो.

“बाबा, आम्हाला रडायला वेळ न्हाई.”

“मग माझा रक्तदाब सावकाश मोज.”

माझ्या दंडाला पट्टा बांधून ती दहा मिनिटे रडली. मग डोळे पुसत तिने विचारले, “तुम्हाला भीती वाटती का?”

मी ‘नाही’ म्हणालो. ते असत्य होते.

गुरुवारी ये.

तुझी वाट पाहणारा,
सोमेश्वर